गाळलेल्या जागा

दार लोटून घे आणि बस.

तुझ्या प्रबंधाचा मसुदा मी दोनदा वाचला. शनिवारी रात्री पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला. रागात बोलणं बरं नव्हे, म्हणून रविवारी सकाळी पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. राग गेला नाही. तेव्हा आज जे बोलणार आहे ते तोल सुटून बोललेलं नाही, हे लक्षात ठेवून ऐक. मध्ये बोलू नकोस. तुझी बाजू मी ऐकणार आहे, पण माझं सांगून झाल्यावर.

शुद्धलेखन, तक्त्यांची मांडणी, संदर्भ यांवर आज वेळ घालवत नाही. ते सगळं नीटनेटकं आहे. चौथं प्रकरण उघड. परिणामांचा मुख्य तक्ता. त्याच्याखाली बारीक टायपात एक ओळ आहे, ती मोठ्याने वाच. ‘ज्या रुग्णांशी सहा महिन्यांनंतर संपर्क होऊ शकला नाही, त्यांना विश्लेषणातून वगळण्यात आले आहे.’ ही ओळ लिहिताना तुझा हात अडखळला कसा नाही?

तुझे नेमके आकडे मी उच्चारत नाही. बाहेरच्या खोलीत मुलं बसली आहेत. गोल आकडे घेते. धर, व्यसनमुक्ती केंद्रात १०० माणसं दाखल झाली. महिनाभर राहिली, घरी गेली. सहा महिन्यांनी फोन लावले तेव्हा ४० सापडली. त्या ४० पैकी ३० जण म्हणाले, ‘दारूला शिवलो नाही.’ तू काय लिहिलंस? उपचारांचं यश ७५ टक्के. दाखल करून घेताना माणसं शंभर होती, औषधं शंभरांना दिली, पैसे शंभर घरांतून आले, आणि यशाचा हिशोब मांडायला बसलास तेव्हा माणसं चाळीसच उरली. तिसरी-चौथीतल्या मुलालाही कळतं की शंभरातले तीस म्हणजे ३० टक्के.

आणि ३० टक्के लिहून टाकलं की सुटलो, असंही समजू नकोस. न सापडलेले साठच्या साठ पुन्हा प्यायला लागले असं धरणं हा सावध हिशोब झाला. तो तक्त्यात यायलाच हवा. पण खरं काय घडलं ते त्या साठ जणांच्या घरी आहे, आणि तू तिथे गेला नाहीस. शाळेत ‘गाळलेल्या जागा भरा’ असा प्रश्न असायचा. तुझा सगळा विषय त्या गाळलेल्या जागांत होता. तू त्या भरल्या नाहीस. खोडून टाकल्यास, आणि उरलेलं वाक्य सलग दिसावं म्हणून शब्द जवळ सरकवलेस.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी अशाच एका यादीच्या मागे मराठवाड्यात फिरले होते. नावांपुढे एकच शेरा, ‘संपर्क नाही’. एका घरी गेले तर भिंतीवर फोटो आणि फोटोला हार. ‘दिवाळीच्या आधी गेला,’ त्याची आई म्हणाली. केंद्रातून आल्यावर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा सुरू झाली होती. एका रात्री रक्ताची उलटी झाली, तालुक्याला नेताना वाटेतच संपला. दुसऱ्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ‘ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेत, पाडव्याला या.’ तिसरा सापडायला मला दोन दिवस लागले. पेट्रोल पंपावर कामाला होता. आठ महिन्यांत थेंब घेतलेला नव्हता. ‘मग फोन का लागत नाही?’ असं विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, कार्ड मोडून टाकलं. अंधार पडला की जुन्या नंबरवर बसणाऱ्यांचेच फोन यायचे.’

एक मेलेला, एक फडात, एक पूर्ण बरा. तिघांच्या नावापुढे कागदावर शेरा एकच होता. तुझ्या पद्धतीने तिघेही वगळले गेले असते. मेलेला माणूस यशाच्या टक्केवारीतून गुपचूप बाहेर पडला असता. आणि सगळ्या यादीत ज्याच्याकडून आपण सर्वांत जास्त शिकलो असतो, तो कार्ड मोडणाराही त्याच्यासोबत गेला असता.

तुझ्या न सापडलेल्यांचे पत्ते मी काल काढून पाहिले. गेवराई, आष्टी, पाथर्डी, शिरूर कासार. ही नावं एकाखाली एक लिहिताना तुला काहीच सुचलं नाही? दाखल झाल्याच्या तारखा एप्रिल ते जून. घरी गेल्यापासून सहा महिने मोज. थंडीचे दिवस येतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रक-ट्रॅक्टरमधून साखर कारखान्यांकडे निघतात, ती हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. तू नेमका त्याच महिन्यांत फोन धरून बसलास. म्हणजे सापडणं आणि न सापडणं हा योगायोग नव्हता. ज्याची नोकरी पक्की, घर पक्कं, नंबर कायमचा, तो सापडला. ज्याला पोटासाठी गाव सोडावं लागतं, तो निसटला. दिवसभर मोळ्या वाहून पाठ मोडलेल्या, डोक्यावर उचल असलेल्या माणसाला संध्याकाळी कोपीबाहेर जे सोसावं लागतं, ते पक्क्या नोकरीवाल्याला सोसावं लागत नाही. दोघांच्या दारू सोडण्याची किंमत वेगळी आहे. संख्याशास्त्राच्या पेपरात ‘नमुन्यातली गळती कधी घातक ठरते’ यावर तू दीड पान उत्तर लिहिलं होतंस. मीच तपासलं, भरपूर गुण दिले. तीच गोष्ट माणसांच्या रूपात समोर आली तेव्हा तू तिला ओळखलं नाहीस, याचं मला फार वाईट वाटतं.

‘सगळेच असं लिहितात’ हे उत्तर तुझ्या ओठांवर आलेलं मला दिसतंय. खरं आहे. ग्रंथालयातल्या कितीतरी प्रबंधांत ही ओळ आहे. माझ्या सहीने पुढे गेलेल्या दोन प्रबंधांतही आहे. त्या सह्या करताना मी चुकले. म्हणूनच तिसरी करणार नाही.

दुसऱ्या प्रकरणात तू या अभ्यासाचा इतिहास लिहिलास. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या डी. एल. डेव्हिस यांनी १९६२ मध्ये ९३ रुग्णांपैकी ७ जण पुन्हा बेताने, चारचौघांसारखे पिऊ लागल्याचं नोंदवलं, आणि दारूच्या आहारी गेलेला माणूस मोजूनमापून पिऊ शकतो का, यावरून केवढा वाद पेटला. हे तू चांगलं मांडलंस. पण तू १९६२ वरच थांबलास. पुढे ग्रिफिथ एडवर्ड्स यांनी त्या सातही जणांचा पुन्हा माग काढला आणि १९८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. सातांपैकी पाच जणांना दारूचा चांगलाच त्रास झाला होता. तोही नंतरच्या काळातच असं नाही, डेव्हिस यांनी ज्या काळात त्यांना व्यवस्थित ठरवलं होतं त्या काळातही. उरलेल्या दोघांपैकी एक तर तीव्रपणे आहारी गेलेला कधी नव्हताच. सात माणसांच्या एका नोंदीवर वीस-बावीस वर्षं जगभर लिहिलं गेलं, आणि तिचं खरं वजन कळलं ते कुणीतरी त्या माणसांना पुन्हा शोधायला निघालं म्हणून. तुझ्या साठ जणांना कोण शोधणार आहे?

अमेरिकी संशोधक ली रॉबिन्स यांचं नाव तू दोनदा घेतलंस, दोन्ही वेळा ‘व्यसनात परिस्थितीचा वाटा मोठा’ हे सांगण्यासाठी. निष्कर्ष उचललास आणि तो ज्या कष्टांतून आला ते कष्ट तिथेच ठेवलेस. व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉईन इतकं पसरलं होतं की १९७१ मध्ये मायदेशी निघण्याआधी त्यांची लघवी तपासायला सुरुवात झाली. त्या वर्षी सप्टेंबरात परतलेल्या सैनिकांमधून रॉबिन्स यांनी नमुना घेतला, आणि देशभर विखुरलेल्या त्या तरुणांपैकी जवळजवळ ९०० जणांच्या मुलाखती झाल्या. नमुन्यातले शंभरात नव्वदहून अधिक सापडले. तिकडे असताना साधारण पाचातला एक जण व्यसनाच्या आहारी गेला होता. परतल्यावर पहिल्या वर्षभरात त्यांतल्या जेमतेम ५ टक्क्यांना पुन्हा व्यसन लागलं. त्या वेळी अनेकांना ते खरं वाटेना, कारण डॉक्टरांनी पाहिलेले रुग्ण तर पुन्हापुन्हा येणारे होते. रॉबिन्स रुग्णालयाच्या दारात मोजत बसल्या असत्या तर त्यांनाही तेच दिसलं असतं. जे दारात येत नाहीत त्यांच्यापर्यंत त्या गेल्या, म्हणून एवढी मोठी गोष्ट हाती लागली. गळती एका बाजूनेच फसवते असं नाही, हे त्यातून शिकायचं होतं. केंद्राला वाटतं तेवढं यश नसेल. समाजाला वाटतं तेवढं अपयशही नसेल. गेल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. पुण्यात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आली तेव्हा अनिल अवचट त्या मुलांत आणि त्यांच्या घरच्यांत जाऊन बसले, त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. पुढे डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्या गोष्टीची सुरुवात कुणाच्या तरी दारात जाण्यापासून झाली. तू पुण्यात राहून हे विसरावंस?

आता मोजमापाकडे वळते, कारण तिथली चूक मला त्याहूनही लागली. ती टाळण्यासाठी गावोगाव फिरण्याचीही गरज नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी तू वापरलीस. दुसरा प्रश्न असा, की पिता त्या दिवशी साधारण किती ‘ड्रिंक’ घेता? तू मराठीत लिहिलंस, ‘किती पेग/प्याले घेता?’ माणूस म्हणाला, ‘एक क्वार्टर.’ तू लिहिलंस, एक. अरे, क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्कीच्या लेबलावर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. गुणाकार कर. ७७ मिली शुद्ध मद्यार्क, वजनात सुमारे ६० ग्रॅम. त्या चाचणीत १० ग्रॅमचं एक ड्रिंक धरतात. म्हणजे तुझ्या त्या एका क्वार्टरमध्ये सहा ड्रिंक होती. दुसऱ्या प्रश्नाला २ गुण मिळायला हवे होते, तू शून्य दिलास. तिसरा प्रश्न, एका बैठकीत सहा किंवा अधिक ड्रिंक किती वेळा होतात? रोज क्वार्टर घेणाऱ्याचे तिथे पूर्ण ४ गुण होतात, तू तिथेही शून्य दिलास. एका माणसामागे सहा गुण हवेत विरले. ८ गुणांच्या खाली आला की तू ‘बरा’ म्हणतोस. म्हणजे रोज रात्री क्वार्टर रिचवणारा माणूस तुझ्या तक्त्यात बरा होऊन बसलेला असू शकतो. आणि देशी, हातभट्टी, मोहाची यांचं काय? त्यांच्यासाठी ग्लास कुठला, बाटली कुठली, हे विचारायला हवं होतं. वॉर्डातल्या कुठल्याही जुन्या रुग्णाला विचारलं असतंस तर त्याने पाच मिनिटांत तुला हे गणित समजावून सांगितलं असतं. तू त्यांच्यासोबत एकदा तरी जेवायला बसलास का? शेअरिंगला बसलास का? तुझ्या डायरीत तशी एकही नोंद नाही.

फोन कुणी केले, हेही मी विचारून घेतलं. केंद्रातल्या कौन्सेलरने केले. ज्याने महिनाभर समजावलं, रडताना पाठीवर हात ठेवला, त्याच माणसाला फोनवर ‘साहेब, पुन्हा घेतली’ असं सांगायला किती धैर्य लागेल याचा विचार कर. बऱ्याच घरांत फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी बाप बसलेला असतो. उपचार करणारा आणि परिणाम मोजणारा वेगळा हवा, ही या कामातली बाराखडी आहे. आणि बायकोला वेगळं, तिच्या सोयीच्या वेळी, नवरा घरात नसताना विचारायचं असतं. तुझ्या अर्जात ‘कुटुंबीयांकडून खातरजमा’ असं लिहिलेलं आहे. एकाही घरी ती झालेली नाही.

संमतीपत्रांच्या तारखा पाहिल्या. बहुतेक दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या. दारू थांबल्यावर पहिल्या ४८ तासांत काहींना झटके येतात, दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनाशी होते. त्या काळात माणूस लिब्रियमसारख्या गुंगी आणणाऱ्या औषधावर असतो, हात थरथरत असतात, घरच्यांनी आणून सोडलेलं असतं. त्या थरथरत्या हाताने केलेली सही तू संमती म्हणून फाईलला लावलीस. काही सह्या वाचताही येत नाहीत. दारू आणि अमली पदार्थांच्या वापराशी जोडलेले मानसिक आजार २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात येतात. तिथे संशोधनासाठी मोकळेपणाने, समजून दिलेली संमती लागते. कायदा नसता तरी तुला हे कळायला हवं होतं. ऑपरेशन टेबलवरच्या माणसाकडून आपण घराच्या कागदावर सही घेत नाही.

आणि तुझे शब्द. पान ६२ वर ‘दारुडे’, पान ७१ वर ‘बेवडे’, पान ९० वर ‘अपयशी रुग्ण’. व्यसनमुक्तीच्या मीटिंगमध्ये उभं राहून एखादा माणूस स्वतःला बेवडा म्हणतो, तो त्याचा हक्क आहे. त्याने त्या शब्दाची किंमत मोजलेली आहे. तू मोजलेली नाहीस. अमेरिकेत २०१० मध्ये केली आणि वेस्टरहॉफ यांनी मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या ५१६ जणांना एकाच रुग्णाची एकच हकीकत वाचायला दिली, फक्त एका शब्दाचा फरक ठेवून. काहींच्या कागदावर ‘व्यसन करणारा’ या अर्थाचा शब्द होता, काहींच्या कागदावर ‘व्यसनाचा विकार असलेला’ असं होतं. पहिला शब्द वाचणारे त्याच रुग्णाला जास्त दोषी, शिक्षेला जास्त पात्र ठरवत होते. हे वाचणारे शिकलेले, याच क्षेत्रातले लोक होते. तू ज्याला ‘अपयशी’ म्हटलंस त्याची नोंद मी पाहिली. आधी रोज पिणारा माणूस सहा महिन्यांत दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा स्वतः फॉलोअपला आला. त्याला अपयशी म्हणण्याचा अधिकार तुला कुणी दिला?

प्रस्तावनेतलं एक वाक्य तर आजच काढून टाक. ‘भारतात १६ कोटी लोक दारूच्या व्यसनात अडकले आहेत.’ २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १६ कोटी हा आकडा दारू पिणाऱ्यांचा आहे. ज्यांना दारूपायी मदतीची गरज आहे असे सुमारे ५.७ कोटी, आणि त्यांपैकी पुरते आहारी गेलेले सुमारे २.९ कोटी. तीन वेगळ्या गोष्टी तू एका आकड्यात कोंबल्यास. त्याच अहवालात तुझ्या विषयाच्या गाभ्याचा आकडा होता. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० मध्ये एक. तू ज्या वॉर्डात उभा होतास त्यातला प्रत्येक माणूस तो एकशे ऐंशीतला एक होता. एवढ्या अडथळ्यांतून जो तिथवर पोहोचला, त्याला तू तळटीपेत टाकून दिलंस.

काम कसं करायचं याचं उदाहरण फार दूर नाही. शेजारी गोव्यात आहे. ‘संगत’ संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. रुग्ण तुझ्याहून वेगळे होते, घातक पिणारे पण दाखल करण्याइतके आहारी न गेलेले, म्हणून त्यांची टक्केवारी तुझ्या टक्केवारीशेजारी ठेवू नकोस. पद्धत बघ. कुणाला समुपदेशन मिळालं हे ठाऊक नसलेल्या लोकांनी परिणाम तपासले. तीन महिन्यांनी ३७७ पैकी ३३६ जणांपर्यंत ते पोहोचले. निकाल असा, की समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने तो फरक छापला. आणि त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलं, की जे पीतच राहिले त्यांचं रोजचं प्रमाण घटलं नाही, कामाचे बुडालेले दिवस कमी झाले नाहीत, बायकोला होणाऱ्या हिंसेत फरक आढळला नाही. तुझ्याकडे ही माहिती असती तर तू ती कुठल्या तळटीपेत लपवली असतीस? त्यांनी ती उघड्यावर मांडली, म्हणून पुढच्याला कळलं की मारहाण थांबवायला आणखी वेगळं काही करावं लागेल.

‘प्रोजेक्ट मॅच’ वाचलास ना? अमेरिकेतले १,७२६ रुग्ण, कित्येक वर्षांचं काम, आणि अमक्या रुग्णाला अमकीच पद्धत लागू पडेल हा मूळ अंदाज जवळजवळ पुरता चुकला. १९९७ मध्ये त्यांनी तो चुकल्याचं छापलं. तुझा अंदाज चुकला असता तर मी तुला शाबासकी दिली असती. चुकलेला अंदाज प्रामाणिकपणे मोजलेला असेल तर तोही कामाला येतो.

आता सांगते राग कशाचा आला. तुझा प्रबंध कपाटात पडून राहणार नाही. ते केंद्र तुझा ७५ टक्क्यांचा आकडा घेईल आणि पत्रकावर छापेल, विद्यापीठाच्या नावासकट. एसटी स्टँडवर फलक लागेल. कुठल्यातरी गावातली बाई तो वाचेल. डोरलं गहाण टाकेल, पैसे भरेल, महिनाभर एकटी घर सांभाळेल. नवरा घरी येईल आणि तीन महिन्यांनी पुन्हा पिऊ लागेल. तेव्हा ती काय विचार करेल? तिला कुणी सांगितलेलं नसेल की हे निम्म्याहून जास्त घरांत होत असावं, हा आजारच पुन्हा उलटणारा आहे, आणि पुन्हा दाखल होणं, फॉलोअप चालू ठेवणं हा उपचारांचाच भाग आहे. तिला वाटेल, शंभरातले पंच्याहत्तर बरे होतात, माझाच तेवढा नासका निघाला. किंवा, माझंच काही चुकलं. सासू तसं म्हणेलच. त्यालाही वाटेल की पंच्याहत्तर जणांना जमलं ते मला जमलं नाही, म्हणजे मी संपलो. तुझ्या खोट्या टक्केवारीचं ओझं त्या दोघांच्या डोक्यावर पडेल. ती दुसऱ्यांदा त्याला कुठे नेणार नाही. अशी माणसं फासाला लटकलेली मी पाहिली आहेत रे. ती ओळ वाचताना मला ती दिसत होती.

तू चांगला मुलगा आहेस. कामाला पक्का आहेस. फेलोशिप संपत आली, घरून लग्नाचा तगादा आहे, जूनमध्ये सादर करायचं ठरलं होतं, हे सगळं मला ठाऊक आहे. मुदतवाढीचं पत्र मी आजच विद्यापीठाला लिहिते. पैशांचंही पाहू. पण हा मसुदा या स्वरूपात माझ्या टेबलावरून पुढे जाणार नाही.

काय करायचं ते लिहून घे. एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज या आठवड्यात जाईल, संमती केव्हा आणि कशी घेतली ते न लपवता. परवानगी येईपर्यंत कुणाच्याही घरी जायचं नाही. तोवर ‘संपर्क नाही’ हा रकाना फोडून त्याचे वेगळे रकाने कर: मृत्यू, स्थलांतर, पत्ता बदलला, बोलायला नकार, पुन्हा दाखल, तुरुंग. प्रत्येक नावापुढे किती वेळा, कुठल्या वारी, कुठल्या वेळी प्रयत्न केला ते लिही. क्वार्टर, नाइन्टी, देशीची बाटली, स्टीलचा ग्लास यांची चित्रं काढून घे आणि ऑडिट त्यांवर बसव. केंद्रातल्या जुन्या, सोबर झालेल्या दोघा-तिघांना आधी तो कागद दाखव. ते हसले तर कागद बदल.

पाडवा आला आहे. फडावरची माणसं परतू लागतील. ती पावसाळ्याआधी गावात सापडतील, तेवढेच दिवस आपल्या हातात आहेत. गाडी करून जाऊ नकोस, एसटीने जा. वाड्या-वस्त्यांवर पोरं गाडीमागे धावतात आणि सगळ्या गावाला कळतं. केंद्राचं नाव कुणाच्या दारात घ्यायचं नाही. गळ्यातलं ओळखपत्र खिशात ठेव. शेजाऱ्यांनी विचारलं तर ‘तब्येतीची चौकशी करायला आलो’ एवढंच. तो भेटला तर आधी नवी संमती, पूर्ण समजावून. नको म्हणाला तर जुना कागद त्याच्यासमोर फाडायचा आणि त्याचे आभार मानून निघायचं. पिऊन समोर आला तर त्या दिवशी एकही प्रश्न विचारायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचं. आणि तो नसेल, तीच दारात आली, तर वही पिशवीतच राहू दे. पाणी माग. ओट्यावर टेक. ती बोलेल तेवढं ऐक.

माझं झालं. आता तुझी बाजू सांग. ऐकते आहे मी.